अल अमेरातच्या हॉलमधला कॅनडा

ओमानहून आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "वाळवंट कसं होतं?" वाळवंट मी पाहिलं, पण गाडीच्या काचेतून आणि तेही चुकीच्या रस्त्यावर. भरपूर पाहिला तो बर्फ. मे महिन्यात, बाहेर डांबर पातळ होईल अशा उन्हात, मी अंगावर शाल घेऊन बर्फापाशी कुडकुडत बसले होते. आणि ज्या तासांत बर्फ पाहत नव्हते, त्या तासांत बर्फावरच्या हॉकीची चर्चा ऐकत होते.

मी जिल्हा परिषदेत सत्तावीस वर्षं काढली. तहकूब झालेल्या सभेचे चहा-बिस्किटांसह सगळे प्रकार मला पाठ आहेत. त्यातून सुटका म्हणून पंधरा दिवसांची रजा टाकून निघाले, तर विमानातून उतरून थेट सभेतच.

जायचं कारण होतं माझी भाची. धाकटी बहीण सुषमा आणि तिचे यजमान मिलिंदराव गेली पंधरा वर्षं तिकडे आहेत. मिलिंदराव एका कंपनीत इंजिनियर. त्यांची एकुलती एक मुलगी मैत्रेयी, घरात मितू, तेरा वर्षांची. जन्म मस्कतचा, शाळाही तिथलीच. पुढचं शिक्षण आपल्याकडे व्हावं, पाया पक्का व्हावा, म्हणून नववीपासून तिला माझ्याकडे औरंगाबादला ठेवायचं ठरलं होतं. मी एकटी, घर मोठं, शाळा हाकेच्या अंतरावर. दोघींची परतीची तिकिटंसुद्धा काढून झाली होती. जाता जाता देश पाहायचा आणि येताना भाचीला घेऊन यायचं, एवढाच बेत.

शनिवार, अल अमेरात

मस्कत शहरातून डोंगर फोडून काढलेल्या रस्त्यानं पलीकडे उतरलं की अल अमेरात. चारही बाजूंना उघडेबोडके डोंगर, गवताचं पातं नाही, आणि मध्ये पांढऱ्या-पिवळ्या घरांची नवी वसाहत. तिथे गुरुवार-शुक्रवार सुट्टी आणि शनिवारी आठवड्याची सुरुवात. मला वाटलं होतं शनिवार-रविवार सगळे घरी भेटतील. सगळे ऑफिसात आणि शाळेत. सुषमानं बुद्धपौर्णिमेची उरलेली खीर फ्रिजमधून काढून दिली, ती खाऊन मी झोपले.

संध्याकाळी उठले ती आवाजानं. हॉलमध्ये पाच-सहा पुरुष बसलेले, समोर टीपॉयवर खजूर, चिवडा आणि कागदांचा गठ्ठा. मिलिंदराव उभे राहून बोलत होते, "कॅनडाला आपण कमी लेखून चालणार नाही."

मला वाटलं कंपनीचं काही कंत्राट असावं.

सुषमानं स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं. मस्कतमध्ये एक बर्फाचं रिंक आहे. तिथे मुलं पायात पात्याचे बूट घालून घसरत घसरत हॉकी खेळतात. चेंडूच्या जागी एक रबरी चकती असते, तिला पक म्हणतात. येत्या शुक्रवारी चौदा वर्षांखालच्या मुलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. आंतरराष्ट्रीय म्हणजे काय, तर आखातात नोकरीला आलेल्यांची मुलं आपापल्या देशाच्या नावानं उतरणार. कॅनडा, रशिया, फिनलंड, ओमान, इमारात म्हणजे दुबई-अबुधाबीवाले आणि भारत, अशा सहा टीम. भारताकडे आठ मुलं, आणि गोलमध्ये उभी राहायची ती आमची मितू.

"दोन वर्षं झाली, आठवड्यातून तीनदा जाते," सुषमा म्हणाली. "जायच्या आधी एकदा खरी मॅच खेळायचीय तिला. तेवढंच तिचं म्हणणं आहे. आणि हे लोक दहा दिवस झाले, टीम उतरवायची की नाही यावरच बसलेत."

भारताचं नाक कापलं जाईल का, हा मुद्दा होता. आठ मुलांच्या पालकांची कमिटी, मिलिंदराव अध्यक्ष, आणि निर्णय एकमतानंच घ्यायचा असा ठराव. एकमत! आमच्या जिल्हा परिषदेत मुतारीच्या जागेवर एकमत व्हायला चार वर्षं लागली होती.

चर्चेत मिलिंदरावांचे मुख्य प्रतिस्पर्धी होते दाऊदभाई. मूळचे दापोलीकडचे, इकडे कापडाचा धंदा, त्यांचा मुलगा इरफान टीममध्ये. माणूस भला. येतानाच माझ्यासाठी त्यांच्या बायकोनं केलेली सांदणं डब्यातून घेऊन आले होते. पण एकदा बोलायला लागले की खलास.

"मी काय म्हनतो मिलिंदसाब, रशियाची पोरं हाडाची. दूध नि लोनी खाऊन वाडलेली. आपली पोरं बगा, खुबूसची रोटी नि कोल्ड्रिंक. एक धक्का मारला का समुद्रात."

"दाऊदभाई, ताकद म्हणजे नुसती हाडं नाहीत," मिलिंदराव म्हणाले आणि त्यांनी गठ्ठ्यातला कागद काढला. इंजिनियर माणूस. सहा देशांना त्यांनी तक्त्यात बसवलं होतं. अनुभव, हवामान, सरासरी उंची, खेळाची परंपरा, प्रत्येकाला दहापैकी गुण. फिनलंडला हवामानात दहा. भारताला शून्य द्यायचं तर लडाखचं काय, यावर पाऊण तास. एक मल्याळी गृहस्थ हिंदीत म्हणाले की काश्मीरही धरा. मग धरलं. भारताला हवामानात तीन गुण मिळाले आणि सगळ्यांनी चिवडा खाल्ला.

मितू दारात उभी राहून ऐकत होती. तिला कोणी काही विचारलं नाही.

सोमवार, रिंकवर

मी वैतागून मितूबरोबर सरावाला गेले. घसरणारी पोरं काठावरून पाहताना मला धडकी भरत होती. माझी भाची घरात खुर्चीला अडखळते, वाटीला धक्का मारते, मराठी बोलताना दर तिसऱ्या शब्दाला थांबते. पण पॅड चढवून, जाळीचं हेल्मेट घालून गोलसमोर वाकून उभी राहिली, तेव्हा ही तीच मुलगी का असा प्रश्न मला पडला. पक अंगावर येतो तो दिसतसुद्धा नाही. ही मात्र पायानं, हातानं, काठीनं अडवत होती, पडत होती, उठत होती. मला तिचा फार अभिमान वाटला, आणि भीतीही वाटली.

पलीकडच्या बाजूला आणखी मुलं होती. "ती कोण?" मी विचारलं.

"ते कॅनडा, मावशी."

मी शाल सावरून उठून पाहिलं. कॅनडा म्हणजे सहा पोरं. एकाला दमा, त्याची आई पंप घेऊन उभी. एकाचा बूट हरवला होता म्हणून तो रडत होता. दोन मुली एकमेकींच्या वेण्या घालत होत्या. ज्या कॅनडानं अल अमेरातच्या हॉलमध्ये दहा दिवस मोठमोठ्या माणसांची झोप उडवली होती, तो हा कॅनडा.

घरी येऊन मी हे सांगितलं. मिलिंदराव हसले. "ताई, प्रॅक्टिसमध्ये ते स्ट्रेंग्थ दाखवत नाहीत."

बुधवार, इब्रा

इब्राला दर बुधवारी बायकांचा बाजार भरतो. विकणाऱ्या बायका, घेणाऱ्या बायका, पुरुषांना आत मज्जाव. हे मी एका मासिकात वाचलं होतं आणि तो पाहायचाच असं ठरवलं होतं. दाऊदभाईंना इब्रात कापडाचे गठ्ठे पोचवायचे होते, म्हणून त्यांच्याच मोठ्या गाडीतून निघालो. मिलिंदरावांनी रजा घेतली. मितूची शाळा बुडवली.

गाडीत पुढे दोघे पुरुष, चालवायला मिलिंदराव, आणि मागे आम्ही तिघी. विषय फिनलंड. एवढासा देश, लोकसंख्या आपल्या एका जिल्ह्यात मावेल, मग एवढी ताकद कुठून, यावर पहाटेपासून डोंगर मागे पडत होते. वाटेत एका टपरीवर थांबून आल्याचा कडक चहा आणि मध लावलेल्या पातळ पोळ्या खाल्ल्या. चव अजून जिभेवर आहे. फिनलंडही कानात आहे.

बाजारात शिरले आणि पहिल्यांदा शांतता मिळाली. म्हणजे गलबला होताच, पण त्यात एकही देश नव्हता. जरीकाठाचे पायजमे, लहान मुलांच्या टोप्या, धुपाच्या पुड्या, मेंदी, अत्तरं. चेहऱ्यावर कडक बुरखा लावलेल्या एका म्हातारीनं माझ्या काकणांना हात लावून काहीतरी विचारलं. मितू तिच्याशी अडखळत अडखळत, पण अरबीत बोलली. "ती विचारते, काच तुटत नाही का, काम करताना?" मी म्हटलं, सांग तिला, तुटते, मग नवीन भरतो. म्हातारी खूप हसली आणि मितूच्या हातावर धुपाची एक पुडी ठेवली. आपल्याकडच्या आठवडी बाजारात अर्धे पुरुष नुसते फिरायला येतात. ते इथे नाहीत, याचं मला जे सुख झालं ते सांगता येत नाही.

बाहेर आलो तर दोघे गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून बसलेले. दाऊदभाईंचे गठ्ठे अजून गाडीतच. ते पोचवून निघायला बारा वाजले.

अर्ध्या तासानं मितू म्हणाली, "बाबा, हा रोड सूरचा आहे, मस्कतचा नाही."

"हं," मिलिंदराव म्हणाले आणि इमारातच्या बचावफळीवर आले.

थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली, "बाबा, बोर्डवर सूर लिहिलंय. अरबीमध्ये पण."

"थांब गं जरा, मोठी माणसं बोलतायत ना."

मोठी माणसं बोलत राहिली. दोन्ही बाजूंना लालसर वाळूचे ढीग दिसायला लागले, ऊन भलत्याच बाजूनं येतंय हे मलाही कळलं, आणि मी ओरडले तेव्हा गाडी थांबली. मस्कतकडे पाठ करून आम्ही साठेक किलोमीटर आलो होतो. मी पाहिलेलं वाळवंट ते हेच. "यल्ला, चला, फिरवा," दाऊदभाई म्हणाले, जसं काही चूक रस्त्याचीच होती.

गुरुवार, निर्णयाचा दिवस

अर्ज द्यायची शेवटची संध्याकाळ होती. दुपारी जेवायला सगळी कमिटी आमच्याकडे. सुषमानं आणि मी मिळून सुरमईचं कालवण आणि भाताचं मोठं पातेलं केलं. जेवण उरकल्यावर एकमत झालं की टीम उतरवायची. मी देवाचे आभार मानणार, तेवढ्यात दाऊदभाई म्हणाले, "पन टीम मजबूत करून."

मजबूत कशी? त्यांचा एक पुतण्या सोहारला, मुबीन नावाचा. बाप तिथे कारखान्यात टेक्निशियन. पोरगं चौदाच्या आतलं, पण अंगानं दुप्पट. "गोल केवडा असतो? असा एवडा. मुबीन हुबा ऱ्हायला का अर्दा बुजला. पक जायाला जागा नाय."

मला वाटलं आता तरी मिलिंदराव बोलतील. दोन वर्षं आठवड्यातून तीनदा तेच तर मितूला गाडीतून न्यायचे. ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे. आणि दुसरं असं, मी अध्यक्ष. माझीच मुलगी टीममध्ये ठेवली तर उद्या लोक म्हणतील, घरचीच भरती. मितूचं नाव मी स्वतःच मागे घेतो."

टाळ्या वाजल्या. खरंच वाजल्या. तो मल्याळी गृहस्थ उठून हात मिळवून गेला. आपल्या माणसांना प्रामाणिकपणा दाखवायचा झाला की नेमकं घरचंच माणूस सापडतं. परक्याचं पोर असतं तर यांची कापायची हिंमत झाली असती का? माझ्या तोंडात शिवी आली होती, ती मी पाण्याबरोबर गिळली.

मितू आत पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. रडत नव्हती. मी जवळ बसले तर म्हणाली, "इट्स ओके, मावशी." ते ऐकून माझं डोकंच फिरलं.

"ऊठ," मी म्हटलं. "त्या रिंकवर कोण मुख्य आहे त्याच्याकडे चल."

सुषमानं दाराशी येऊन सगळं ऐकलं होतं. "ताई, तू जा. मी यांना चहा देते. चहा आला की तासभर कोणी उठत नाही."

टॅक्सीनं गेलो. रिंकवर सालेम नावाचा ओमानी प्रशिक्षक होता, पांढऱ्या झग्यावर लोकरीचं जाकीट घातलेला. तो हिंदी बोलायचा, तिथले बरेच बोलतात. मी सगळं सांगितलं. त्यानं मितूकडे पाहिलं आणि हसला.

"मेरा टीम में सात लड़का है. सब बोलता है गोल मारेगा. गोल में खड़ा होने को कोई नहीं मांगता. ये किधर पैदा हुआ?"

"मस्कत में," मितू म्हणाली.

"तो फिर? इधर पैदा हुआ, इधर रहता है. ओमान का टीम में खेलेगा?"

मितूनं माझ्याकडे पाहिलं. सहा दिवसांत कोणीतरी पहिल्यांदा तिला प्रश्न विचारला होता. ती म्हणाली, "खेलेगी." पालक म्हणून मी सही केली. परतलो तेव्हा कमिटी चहाच्या दुसऱ्या फेरीवर होती आणि मिलिंदराव सांगत होते की ओमानची मॅच सोपी जाईल, तक्त्यात ओमान सगळ्यात खाली आहे.

शुक्रवार

जुम्म्याची नमाज झाल्यावर सामने सुरू झाले. मितूला घेऊन मी आधीच टॅक्सीनं पोचले होते. पहिलाच सामना भारत आणि ओमान. मिलिंदरावांनी तिला हेल्मेटमुळे ओळखलं नाही. तिनं काठी दोनदा बर्फावर आपटली, ही तिची सवय, तेव्हा ओळखलं. ते माझ्याकडे वळले.

"ताई, हे काय?"

"सही माझी आहे," मी म्हटलं. "चर्चा करायला वेळ नव्हता."

मुबीन गोड पोरगा होता, त्याचा काही दोष नाही. तो घरापुढच्या अंगणात चाकांच्या बुटांवर शिकलेला. खरंच अर्धा गोल त्यानं भरला, पण एकदा बसला की उठता येईना, आणि पक त्याच्या पायांमधून दोनदा आत गेला. दुसऱ्यांदा तर तो स्वतःच हसला. समोर मितूनं किती अडवले ते मी मोजले नाहीत. एक इरफाननं घातला. शेवटी शेवटी इरफान एकटाच तिच्यासमोर आला, आणि माझ्या शेजारून जोरात आवाज आला, "मितू, डावीकडे!" ती डावीकडेच झेपावली होती. पक तिच्या छातीवर आपटून पडला. दाऊदभाईंनी वळून मिलिंदरावांकडे पाहिलं. भारताच्या कमिटीचा अध्यक्ष ओमानच्या गोलकीपरला सूचना देत होता.

ओमान दोन, भारत एक. नंतर कॅनडानं ओमानचा धुव्वा उडवला. तो दम्याचा मुलगा विजेसारखा पळत होता. त्याबद्दल मिलिंदराव मला अजून फोनवर ऐकवतात.

सामने संपल्यावर आम्ही सगळे बाकांपाशी उभे होतो. सालेम आला. जुलैमध्ये टीम दुबईला न्यायची आहे, ही मुलगी हवी, असं म्हणाला. मिलिंदराव चष्मा पुसायला लागले. लोक नुसते बोलत बसतात, सरळ उत्तर देत नाहीत, याचा सात दिवसांचा राग माझ्यात साठलेला होता. मी सरळ उत्तर दिलं. "नहीं आएगी. जून में मेरे साथ इंडिया जाएगी. उधर स्कूल है."

सालेमनं मान हलवली. मितू बाकावर बसून बुटाच्या नाड्या सोडत होती. ती थांबली. केस घामानं कपाळाला चिकटलेले, गाल लाल.

"बाबा," ती म्हणाली, "कॅनडाचं तुम्ही किती दिवस डिस्कस केलं?"

तिनं एक बूट काढून बाकाखाली ठेवला.

"माझं जायचं... ते किती दिवस केलं?"

मिलिंदरावांनी सुषमाकडे पाहिलं. सुषमानं माझ्याकडे. मला आठवलं. एक फोन झाला होता, रविवारी सकाळी, माझा कुकर गॅसवर होता. मिलिंदराव म्हणाले, नववीपासून तिकडे ठेवू का? मी म्हटलं, पाठवून द्या. तिसरी शिट्टी व्हायच्या आत ठरलं होतं. मितू घरात होती की नव्हती हेसुद्धा मी विचारलं नव्हतं. दुसऱ्यांवर चिडण्यात माझा आठवडा गेला होता. आता स्वतःवर चिडले.

घरी आलो. मी हॉलमधला टीपॉय पुढे ओढला, मिलिंदरावांचा तक्ता बाजूला सारला आणि मधली खुर्ची मितूला दिली. दाऊदभाई जायला निघाले होते, त्यांनाही बसवलं.

"आता बसा," मी म्हटलं. "विषय मितू. हवे तेवढे दिवस घ्या. आणि पहिलं ती बोलेल."

ती आधी इंग्रजीत सुरू झाली, मग मला कळावं म्हणून मराठीत, थांबत थांबत. कोणी मध्ये बोललं नाही. ती चर्चा तीन दिवस चालली. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी एकटीच परत आले. माझ्या शेजारची सीट रिकामी होती.